वरचा पाऊस

ऑगस्टमध्ये सांगलीत कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. तब्येतपाणी, पोरंबाळं सगळं नंतर. आधी, "आयर्विनला किती?"

आयर्विन पूल १९२९ सालचा. कृष्णेची पातळी तिथं मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाढ्यासारखे पाठ असतात. माझ्या वडिलांना मात्र आयर्विनपेक्षा वेगळी चौकशी महत्त्वाची वाटायची. ते पाटणच्या मावसभावाला फोन लावायचे. "तिकडं पाऊस किती? कोयनेचं दार उघडलं का?" घाटमाथ्यावर दोन दिवस सलग कोसळला, धरण भरत आलं आणि दारं उचलली, की ते पाणी आधी कऱ्हाडला आणि मग आमच्याकडे येणार, यात त्यांना शंका नसायची. आमच्या अंगणात लख्ख ऊन पडलेलं असायचं आणि ते आईला म्हणायचे, "पाणी निघालंय." त्यांच्या हिशेबानं पूर तेव्हाच आलेला असायचा, फक्त दारात पोचायचा बाकी.

असा माणूस घरात असूनही २०१९ साली आमच्या काकांचं दुकान बुडालं.

नदीकाठच्या पेठेत त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. २००५च्या पुरात पाणी जिथवर चढलं तिथं काकांनी भिंतीवर लाल ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवली होती, शेजारी तारीख. त्या साली आयर्विनला ५३ फुटांच्या वर पाणी गेलं होतं आणि एवढा पूर कुणी पाहिलेला नव्हता. म्हणून रेघेच्या वर एक हात अंतर सोडून वडिलांनी स्वतः फळ्या ठोकून दिल्या. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाटणहून फोन आला, पाऊस तुफान होता. सगळ्यांनी मिळून माल त्या फळ्यांवर चढवला, शटर ओढलं आणि निश्चिंत मनानं घरी आलो. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा वह्यांचे गठ्ठे फुगून सुतळ्या तोडून बाहेर आलेले होते. एक वही उचलली तर तिची पानं एकमेकांना चिकटून ओल्या भाकरीसारखी हातात आली. वडील त्या लाल रेघेकडे बराच वेळ बघत उभे होते.

वर किती पाऊस पडलाय हे त्यांना माहीत होतं. तरीही पूर म्हणजे किती, याचं मनातलं माप त्या रेघेवर थांबलेलं होतं. माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं की मला ती रेघ आठवते.

मी संस्थांबरोबर बसून त्यांच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा विचार करते. इंग्रजीतून आलेलं नाव स्ट्रॅटेजिक फोरसाइट. मराठीत कुणी भविष्यवेध म्हणतं, कुणी दूरदृष्टीचं नियोजन. पतसंस्था, दूध संघ, शिक्षणसंस्था अशा छोट्या-मध्यम ठिकाणी मी जास्त रमते. गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "मग मॅडम, दहा वर्षांनी काय होणार सांगा." या प्रश्नाचा मला राग येत नाही. बुलढाण्याच्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात आणि ते ऐकायला दुरून शेतकरी येतात. बी-बियाण्यात पैसे घालायचे असतात, कर्ज काढायचं असतं, आणि आभाळ काही बोलत नाही. अशा वेळी कुणीतरी ठामपणे काही सांगावं असं वाटणारच. पण भाकीत मी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. मी एवढंच करू शकते की वर कुठं पाऊस पडून गेलाय ते संस्थेच्या माणसांबरोबर जाऊन बघायचं.

ही उपमा मला वडिलांकडून मिळाली असं मी कितीतरी वर्षं समजत होते. नंतर पिएर वाक या फ्रेंच माणसाचं लेखन वाचलं आणि चकित झाले. शेल या तेल कंपनीत लंडनला तो नियोजनाचं काम करायचा. १९८५ साली लिहिलेल्या लेखात त्यानं गंगेचं उदाहरण दिलंय. गंगेच्या वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला की दोन दिवसांत ऋषिकेशला, मग काही दिवसांनी अलाहाबादला आणि त्यानंतर बनारसला पाणी चढणार, हे खात्रीनं सांगता येतं. वाकचं म्हणणं, भविष्यातल्या काही गोष्टी अशा आधीच घडून गेलेल्या असतात, त्यांचे परिणाम तेवढे वाटेत असतात. त्या वेगळ्या काढायच्या. उरतात त्या खऱ्या अनिश्चित. त्यांच्यासाठी एकाऐवजी दोन-तीन वेगवेगळी चित्रं रंगवून तयारी ठेवायची.

शेलमध्ये त्यानं केलं ते असं. १९७०च्या सुमारास सगळ्या तेल कंपन्यांचा हिशेब एकच होता: मागणी अशीच वाढत राहणार, आखाती देश तेवढं तेल काढत राहणार, भाव साधारण तसाच राहणार. वाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेल विकणाऱ्या देशांच्या जागी बसून विचार केला. काहींची लोकसंख्या थोडी, येणारा पैसा खर्च करायला जागा नाही. मग जमिनीतलं तेल घाईनं काढून विकण्यात त्यांचा काय फायदा? राहू दिलं तर त्याची किंमत वाढेलच. ही झाली पडून गेलेल्या पावसाची खूण. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी हे शेलच्या वरिष्ठांपुढे मांडलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल अडवलं आणि तीन डॉलरच्या आसपासचा पिंपाचा भाव १९७४ उजाडेपर्यंत जवळपास चौपट झाला. शेलची माणसं निदान त्या शक्यतेशी आधी बोललेली होती.

या गोष्टीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वाकनं स्वतः कबूल केलेलं अपयश. त्यानं आधी केलेली चित्रं बिनचूक होती, आणि काही उपयोगाची नव्हती. साहेब लोकांनी ऐकली, माना हलवल्या आणि आधीचेच निर्णय चालू ठेवले. मग त्यानं मांडणी फिरवली. सगळं आजच्यासारखं सुरळीत चालू राहायचं असेल तर कुठले चमत्कार एकदम घडावे लागतील, ते त्यानं ओळीनं दाखवलं. तसे तीन निघाले. ते तीन चमत्कार समोर बघितल्यावर साहेबांना पहिल्यांदा आपल्या मनातली रेघ दिसली.

माझंही तसंच झालं, आणि ते एका शाळेत झालं.

कृष्णाकाठच्या एका मोठ्या गावातली शिक्षणसंस्था. मराठी माध्यमाची प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, अमृतमहोत्सव जवळ आलेला. त्यानिमित्तानं बारा खोल्यांची नवी इमारत बांधायचं ठरत होतं. नकाशा तयार होता, देणग्या जमत होत्या, उरलेल्यासाठी कर्ज काढायचं होतं. अध्यक्षांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांच्या वडिलांनी शाळेला जमीन दिली होती आणि गावानं सुगीत घरटी धान्य गोळा करून पहिल्या खोल्या उभ्या केल्या होत्या. मी स्वतः अशाच शाळेत शिकले. तिथं जाताना मनात परकेपणा नव्हता.

पहिली बैठक मी पुस्तकात शिकले तशी घेतली. चार्टपेपरवर एक आडवी रेघ, एक उभी रेघ, चार चौकटी, चार भविष्यं. सरकारी अनुदान वाढेल की आटेल, तंत्रज्ञान शिक्षकाला मदत करेल की त्याची जागा घेईल. प्रत्येक चौकटीला छान नाव दिलं. संचालकांनी मनापासून भाग घेतला, चहा-भजी झाली, टाळ्या झाल्या. तीन महिन्यांनी गेले तर तो चार्ट ऑफिसात नीट चिकटवलेला होता आणि टेबलावर तोच बारा खोल्यांचा नकाशा पसरलेला होता.

त्या दिवशी ऑफिसात वेळ होता म्हणून मी क्लार्ककडे जनरल रजिस्टर मागितलं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात असते: नाव, आईचं नाव, जन्मतारीख, कुठून आला, कधी सोडून गेला. जुनी रजिस्टरं कापडी बांधणीची, पानांना वाळवीनं नक्षी काढलेली. वीस वर्षांपूर्वी पहिलीच्या प्रवेशांना पानांमागून पानं लागलेली. अलीकडच्या वर्षांत एक पान पुरून उरत होतं. दाखल्याच्या कारणाच्या रकान्यात एकच मजकूर फिरून फिरून: पालकांचे स्थलांतर. क्लार्क म्हणाले, "पुण्याला. चाकण, भोसरी." पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, पद कमी होतं, पद गेलं की शिक्षक अतिरिक्त ठरतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण हे सगळं कुणी एका टेबलावर मांडलेलं नव्हतं.

रजिस्टर झालेला पाऊस दाखवतं. पडत असलेला बघायचा तर आणखी वर जायला हवं होतं. मी अंगणवाडीत गेले.

गावात आणि वाड्यांवर मिळून काही अंगणवाड्या होत्या. त्यातल्या सगळ्यात जुन्या अंगणवाडीतल्या सेविकाताईंनी मला सतरंजीवर बसवलं, आधी पाणी दिलं, मग कपाटातून वह्या काढल्या. आता नोंदी मोबाइलवर, पोषण ट्रॅकरमध्ये जातात. पण ताईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या वह्याही जपून ठेवल्या होत्या. गरोदर माता, स्तनदा माता, सहा महिने ते तीन वर्षं, तीन ते सहा वर्षं. एका वहीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही हैत तीच फुडं तुमच्या साळंत जाणार, मॅडम. वरनं पडणार हैत व्हय?"

या एका वाक्यानं माझं काम मला नव्यानं समजावून सांगितलं. सहा वर्षांनी पहिलीत कोण बसणार याचं भाकीत करायची गरजच नाही. ती मुलं जन्मली आहेत किंवा जन्मलेली नाहीत. महाराष्ट्राचा एकूण जननदर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ आला, म्हणजे एका बाईमागं सरासरी दोन मुलंही नाहीत. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे कितीतरी संस्था अजून २०११च्या आकड्यांवर बेत आखतात. आणि इथं ताईंच्या वहीत हा सगळा हिशेब नावानिशी लिहिलेला होता.

बोलता बोलता त्या म्हणाल्या, "वाडीवर तिशी उलटलेली पोरं हैत, लग्नंच जमंनात. बाळं कुठनं यायची?"

मी गप्प झाले. २०२२च्या डिसेंबरात सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून अविवाहित तरुणांनी मोर्चा काढला होता. तो पाहून पुष्कळांना गंमत वाटली होती. मला त्याच्या मागचे आकडे आठवले. २००१च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं कोल्हापूर जिल्ह्यात ८३९ मुली होत्या, सांगलीत ८५१. साखरेचे, दुधाचे, शाळा-कॉलेजांचे जिल्हे हे. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सगळ्यांत आधी, १९८८ साली केला, आणि तरीही सोनोग्राफीच्या खोल्यांतून त्या मुली पुसल्या गेल्या. तेव्हा सहा वर्षांच्या आतली असलेली ती मुलं आज लग्नाच्या वयाची आहेत. न जन्मलेल्या मुलींमुळे न झालेली लग्नं, न झालेल्या लग्नांमुळे रिकामी होत चाललेली अंगणवाडी, आणि तिच्यानंतर पहिलीचा वर्ग. पाऊस पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पडला होता. आम्ही त्याच्या पाण्यात आता उभे होतो, आणि अमृतमहोत्सवाच्या इमारतीचा नकाशा काढत होतो.

दुसऱ्या बैठकीत मी चार्ट नेला नाही. टेबलावर फक्त जनरल रजिस्टरं आणि ताईंच्या वह्या सालाप्रमाणे उघडून ठेवल्या. संचालक एकेक पान उलटत गेले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी वाककडून घेतलेला प्रश्न विचारला. बारा खोल्या भरायच्या तर कुठल्या गोष्टी एकदम घडायला हव्यात? आण्णांनीच बोटांवर मोजलं. गावात पोरं जास्त जन्मायला हवीत. पुण्याला गेलेली घरं परत यायला हवीत, निदान जायची थांबायला हवीत. आणि फाट्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या बंद व्हायला हव्यात. तिसरं बोट मुडपून ते तसंच धरून बसले.

एक संचालक उसळून म्हणाले, "म्हंजे शाळा बंद करा म्हणायला आलाय का तुम्ही?" त्यांचा संताप मला समजत होता. शाळेच्या भिंतीत ज्याच्या घरचं धान्य गेलंय त्याला असं वाटलं नाही तरच नवल. मला शाळा बंद करायची नव्हती. मला ती टिकायला हवी होती, आणि रिकाम्या खोल्यांच्या कर्जाखाली दबून ती टिकली नसती. हे मी त्यांना जसं इथं लिहितेय तसंच सांगितलं.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेले शिपाई मामा दारातच थांबले. त्यांना राहवलं नसावं. म्हणाले, "हंगामात कोप्यावरची पोरं येत्यात की आण्णा, खिचडीच्या वक्ताला. गेटापाशी हुबी असत्यात."

सगळ्यांनी वळून बघितलं. मामा वीस वर्षं त्या गेटवर होते. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून, आणखी कुठून कुठून ऊसतोड कामगार येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याजवळच्या माळावर पाचटाच्या कोप्या पडतात आणि मार्चपर्यंत पोरं तिथंच असतात. ती कुठल्याच रजिस्टरात नव्हती. संचालक मंडळातला प्रत्येक जण त्या माळावरून रोज गाडीनं जात होता.

तेव्हापासून मी एक गोष्ट कटाक्षानं पाळते: खोलीत कोण बसणार हे आधी बघते. दक्षिण आफ्रिकेत १९९१-९२ मध्ये, वर्णभेद संपत असताना, स्टेलेनबॉशजवळच्या माँ फ्लेरला २२ माणसं देशाच्या पुढच्या दहा वर्षांवर बोलायला जमली होती. शेलमधून आलेला ॲडम कहाने बैठकी चालवत होता. एकमेकांच्या विरुद्ध लढलेली माणसं एका टेबलावर होती. त्यांनी चार भविष्यं रंगवली आणि त्यांना शहामृग, लंगडं बदक, इकारस आणि रोहित पक्ष्यांचं उड्डाण अशी नावं दिली. इकारसचं चित्र असं की लोकांच्या भल्यासाठी सरकार उधळून खर्च करतं आणि देश कोसळतो. ते रंगवताना डाव्या विचारांची माणसं खोलीत होती. पुढं अर्थमंत्री झालेले ट्रेव्हर मॅन्युएलही होते. हीच गोष्ट बाहेरच्या तज्ज्ञानं अहवालात लिहून दिली असती तर ती किती जणांनी मनावर घेतली असती, असं मला वाटत राहतं.

आमच्या तिसऱ्या बैठकीला अंगणवाडीताई आणि मामा खुर्चीवर बसले. मामा आधी तयार नव्हते, आण्णांनी हाताला धरून बसवलं. त्या दिवशीची चर्चा मी कधी विसरणार नाही. कोप्यांवरची मुलं शाळेत घ्यायची, हंगामापुरतं वसतिगृह काढायचं, इथवर सगळे उत्साहानं आले. मग ताईंनी विचारलं, "आन् मशिनी आल्यावर?" ऊस तोडणारी यंत्रं आमच्या भागात दिसू लागली आहेत. ती वाढली तर कोयते घटतील आणि ही मुलं येणं थांबेल. कारखाने यंत्रं किती घेतील, लहान तुकड्यांच्या शेतात ती किती चालतील, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. इथं चित्रं दोन काढावी लागली: एक कोयत्यांचं, एक मशीनचं. दोन्हींत चालेल असं काय बांधता येईल, हा मग इंजिनियरला विचारायचा प्रश्न झाला.

शेवटी सहा खोल्या ठरल्या. मधल्या भिंती काढता येतील अशा. रस्त्याकडची एक खोली अंगणवाडीला. पाचवीपासून सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. वसतिगृह पक्कं न बांधता आधी दोन हंगाम जुन्या खोल्यांत चालवून बघायचं. आणि दर जूनच्या पहिल्या बैठकीत तीन गोष्टी मोजायच्या: अंगणवाडीच्या वहीतली नावं, फाट्यावर थांबणाऱ्या पिवळ्या गाड्या, मागच्या हंगामात माळावर पडलेल्या कोप्या. बारा खोल्यांचं स्वप्न सोडताना आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी दुसरीकडे बघितलं नाही.

गेल्या जूनमध्ये त्यांच्या बैठकीला गेले होते. ताई वही घेऊन वेळेआधी येऊन बसल्या होत्या. बैठक संपल्यावर मामांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि एक दोनशे पानी वही दाखवली. मागच्या हंगामात कोप्यावरून आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, गाव, कुठल्या मुकादमाची टोळी, चपलांचा नंबर. शेवटचा रकाना त्यांनी स्वतःच पट्टीनं आखला होता. वर लिहिलं होतं, "परत आला का?" हंगामाला अजून चार-पाच महिने होते, तो रकाना खालपर्यंत मोकळा होता. वहीला प्लास्टिकचं कव्हर घातलेलं होतं. माझं बघून झाल्यावर मामांनी ती ऑफिसात नेली, स्टुलावर चढले आणि कपाटाच्या माथ्यावर, हात पोचेल तितकी आत सरकवून ठेवली.